पालकांची परिस्थिती आणि मुलांची शिदोरी



दरवर्षी ह्या व्यासपीठावरून दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होतो. टाळ्या वाजतात, फोटो निघतात. आज मात्र जी मुले ह्या व्यासपीठापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यांच्याविषयी आम्ही दोन शब्द बोलणार आहोत.

बाबासाहेबांचे मोठेपण सांगताना आपण त्यांची असामान्य बुद्धी सांगतो. ती होतीच. पण त्यांच्या घराकडेही पाहा. सुभेदार रामजी सकपाळ लष्करात होते. लष्करात त्या काळी सैनिकांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते, आणि रामजी स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. गावच्या शाळेत अस्पृश्याच्या मुलाला वेगळे बसावे लागे, त्याच काळात ह्या घरात वाचणारा, शिकवणारा बाप होता. पुस्तकांसाठी ते लेकीचा दागिना गहाण टाकीत आणि पेन्शन आली की सोडवीत. परळच्या चाळीतल्या एका खोलीत, रात्री दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठवीत. पुढे महारांची लष्करभरती बंद झाली आणि शेकडो घरांच्या वर चढण्याची ही वाट बुजली. बुद्धी तर त्या घरांतही होती!

आता आपल्या काळातले घर पाहू. मराठवाड्यातले ऊसतोड जोडपे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यावर जाते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’! मुलगी कोपीत धाकट्या भावाला सांभाळते, पाणी भरते, चूल पेटवते. ती काही शिकत नाही असे कोण म्हणेल? पहाटेची गाडी भरताना आईबापांना हात कसा लावायचा, हे तिला आठव्या वर्षी कळते. परंतु शाळेच्या हजेरीपटावर ती गैरहजर असते. चार-पाच महिन्यांनी गावी परतल्यावर वर्ग पुढे गेलेला असतो. एकदा मागे पडली की शिक्षकही तिच्याकडे बघत नाहीत. उचल फिटली नाही तर पुढल्या हंगामात तीही कोयता धरते. बापाचे कर्ज मुलीच्या पाटीवर असे उतरते. सरकारने ह्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे काढली, ती चांगली गोष्ट आहे. पण लहानग्यांना मागे ठेवून जायला आईचे मन धजत नाही.

नुकसान मात्र शाळेच्या आधीच सुरू होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. जमैकात १९८६-८७ साली किंग्स्टन शहरातील वाढ खुंटलेल्या १२९ बालकांवर एक प्रयोग झाला. त्यांतील काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला एक तास जात. घरगुती खेळणी घेऊन मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे, हे त्या आईला दाखवीत. वीस वर्षांनी पाहिले, तर ह्या मुलांची कमाई इतर खुंटलेल्या मुलांहून २५ टक्क्यांनी जास्त होती. नुसत्या पूरक आहाराचा असा टिकाऊ परिणाम दिसला नाही.

ह्यावरून ‘पालकांनीच लक्ष द्यावे’ असा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस तो उपदेश खटकतो. चार घरची धुणीभांडी करून रात्री आठला परतणाऱ्या बाईने कधी बोलायचे? तिची मजुरी, तिचे आजारपण, तिच्या डोक्यावरचे कर्ज, हे सारे मुलाच्या अभ्यासातच मोडते. आणि आपल्यातली जी घरे नोकरीमुळे वर आली, त्यांनी हे विसरून ‘आम्ही कष्टाने शिकलो, तुम्ही का नाही?’ असे विचारू नये. आमच्याही बापाला कुणीतरी सवलतीची जागा मोकळी करून दिली होती.

म्हणून संस्थेपुढे एक सूचना ठेवतो. सत्कारावर होणाऱ्या खर्चातून निम्मी रक्कम वस्तीतल्या बालवाडीला द्यावी. विहारात संध्याकाळी दोन तास दिवा, चटई आणि एक शिकलेला तरुण असावा. विद्यार्थी मित्रांनी आठवड्यातून एकदा शेजारच्या घरी जाऊन लहानग्यांना चित्रांची पुस्तके दाखवावीत, आईलाही जवळ बसवावे. पुढच्या सर्वसाधारण सभेत ह्यावर चर्चा व्हावी, विरोध असेल तर तोही तिथेच मांडावा. नावे आजच लिहून घेण्यास आम्ही वही आणली आहे.

जय भीम!