आधीं खुराडें, मग कोंबडी

(दुष्काळ निवारण समितीच्या मार्केट यार्ड, पुणे येथील सभेंत झालेलें भाषण)



धान्यवाटपाचा व चाऱ्याचा हिशेब आपणांपुढें आलाच आहे. त्यांत मी भर घालीत नाहीं. मजसारख्या वकिलानें कोंबड्यांविषयीं बोलावें याचें कोणास नवल वाटेल. परंतु मालमत्तेचें रक्षण हा आमच्या धंद्याचा विषय आहे, आणि दुष्काळांतून पुन्हां उभें राहूं पाहणाऱ्या कुटुंबास पांच कोंबड्या ही मालमत्ताच होय.

दुष्काळांत धांवून जाणें पुण्यास नवें नाहीं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत सार्वजनिक सभेनें गांवोगांवची हकीकत गोळा करून सरकारपुढें मांडली. १८७७ सालीं सत्यशोधक समाजानें येथून जवळच, धनकवडीस, दुष्काळपीडित मुलांच्या अन्नाची सोय केली. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवांतून रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं झाला आणि काम मागण्याचा हक्क मिळाला. पण मजुरी त्या दिवसाचें पोट भरते. दुष्काळांत विकलेलें जनावर ती परत आणीत नाहीं. म्हैस दिवसाला ५० लिटर तरी पाणी पिते. कोंबडीस पाव लिटर पुरतें, कडक उन्हाळ्यांत कांहीं अधिक. आणि तिच्याकरितां छावणी काढावी लागत नाहीं. अंड्यांचा पैसा बहुधा घरांतील बाईच्या हातीं राहतो, आणि तो मुलांच्या तोंडीं जातो.

म्हणून कुटुंबांस कोंबड्या द्याव्या, या सूचनेस माझा पाठिंबा आहे. मात्र एका अटीवर. खुराडें उभें राहिल्यावांचून एकही कोंबडी देऊं नये. डालग्याखालीं झांकलेली कोंबडी म्हणजे मुंगूस, मांजर, घूस व मोकाट कुत्रें यांना दिलेलें आमंत्रण आहे. एका रात्रींत पांचही गेल्या, तर दात्याचा पैसा बुडतो तो बुडतोच. पण आधींच सर्व गमावलेल्या कुटुंबाचा धीर पुन्हां एकदां खचतो.

या यार्डाच्या आसपास दुष्काळी तालुक्यांतून आलेलीं कुटुंबें राहतात. त्यांच्या घरामागें चार हात जागा निघाली तरी पुष्कळ. तेवढ्यांतही काम होतें. पांच कोंबड्यांस चार फूट लांब व तीन फूट रुंद खुराडें पुरे. तें जमिनीपासून दोन फूट उंच पायांवर ठेवावें, म्हणजे खालची जागा कोंबड्यांस सावलींत फिरावयास मिळते. त्यास लागून चार फूट रुंद व आठ-दहा फूट लांब असें जाळीचें अंगण करावें. तें वरूनही जाळीनें झांकावें. घार व मांजर वरून येतात.

जाळी निवडतांना काटकसर करूं नये. बाजारांत षट्कोनी छिद्रांची जी पातळ जाळी मिळते, ती कोंबडीस आंत ठेवते, पण कुत्र्यास बाहेर ठेवीत नाहीं. अर्ध्या इंचाच्या चौकोनी छिद्रांची, सांधे जोडलेली जाळी घ्यावी. ती एक फूट जमिनींत पुरावी. जमीन खडकाळ असेल तर फूटभर जाळी बाहेरच्या बाजूस जमिनीसरशी पसरून तीवर दगड रचावे. उकरणारें जनावर भिंतीच्या पायाशींच उकरतें व तेथेंच अडतें. दारास एक नव्हे, दोन कड्या असाव्या. सूर्यास्तास कोंबड्या मोजून दार लावणें हें घरांतील एका माणसाचें ठरलेलें काम असावें.

आंत बसण्यास दोन इंच जाडीची दांडी, दर कोंबडीस आठ-दहा इंच. अंडीं घालण्यास फूटभर लांबीरुंदीची एक पेटी पांचांस पुरते. तळाशीं तीन-चार इंच भाताचें तूस किंवा लाकडाचा भुसा; तो कोरडा राहिला कीं दुर्गंधी येत नाहीं. पुण्यास पाऊस पश्चिमेकडून येतो, म्हणून ती बाजू बंद ठेवावी. पण छपराखालीं हवा खेळण्यास जाळीची पट्टी उघडी असावी. वैशाखांत पत्र्यावर ओलें बारदान टाकावें.

आतां शेजारधर्माचें व कायद्याचें. जागा पालिकेची असो वा घरमालकाची, लेखी संमति आधीं घ्यावी. सामाईक बोळांत खुराडें मांडूं नये. कोंबडा ठेवूं नये; अंड्यांस त्याची गरज नसते, आणि पहांटेच्या आरवण्यावरून होणारीं भांडणें टळतात. घाण व दुर्गंधी सार्वजनिक झाली तर भारतीय न्याय संहितेच्या २७० व्या कलमांतील सार्वजनिक उपद्रव होऊं शकतो. त्यापेक्षां रोज सकाळीं झाडू मारणें स्वस्त. राणीखेत, ज्यास आपण मानमोडी म्हणतों, त्यावरील लासोटा लस पिल्लांस पहिल्या आठवड्यांत व पुढची लस सुमारें आठव्या आठवड्यांत द्यावी. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापुरास बर्ड फ्लू आढळला, तेव्हां लाखों कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. एकाएकीं कोंबड्या मरूं लागल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशीं कळवावें. लपविणें हा वस्तीशीं द्रोह होय.

व्यापारी बंधूंनो, आतां मागणें आपणांकडे आहे. पालेभाज्यांचा टाकून दिलेला ताजा पाला, गाळ्यांतून सांडलेलें धान्य, जुनीं बारदानें व फळांच्या रिकाम्या पेट्या आपल्या दारीं रोज पडतात. पेट्यांच्या फळ्या पातळ. भिंतीस त्या पुरणार नाहींत, पण अंड्यांच्या पेटीस उत्तम. धान्य मात्र बुरशी आलेलें देऊं नका. त्यांतील विष कोंबडीचें काळीज नासवितें. हमाल बंधूंनो, आपल्या ज्या एकजुटीनें १९५५ सालीं हमाल पंचायत उभी राहिली, त्याच एकजुटीचे चार हात प्रत्येक खुराड्याचे खांब रोवण्यास द्या.

जाळी, पत्रा, कड्या व खिळे यांकरितां मात्र रोख रक्कम लागेल. दात्यांस माझी विनंति आहे कीं, कोंबड्यांच्या नांवानें देणगी देतांना निम्मी खुराड्याच्या नांवानें लिहावी. पांच पक्षी देऊन एका रात्रींत गमावण्यापेक्षां तीनच द्यावे आणि ते सुरक्षित राहावे. आपल्या देणगीचें अंडें पुढील उन्हाळ्यांतही त्या घरच्या मुलास मिळावें, एवढीच अपेक्षा. समितीच्या पावतीपुस्तकांत आज आपलें नांव लिहून जावें, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.