रणभूमीच्या वाटेवर पाच दिवस

सुटीचे दिवस जवळ आले, की घरोघरी प्रवासाचे बेत आखले जाऊ लागतात. थंड हवेचे ठिकाण, समुद्रकिनारा किंवा एखादे देवस्थान यांपैकी कशाची तरी निवड होते. विश्रांती हा कष्टकऱ्याचा हक्क असल्याने त्यात वावगे काही नाही. परंतु, श्रोतेहो, याच वाटांवर, कित्येकदा मुक्कामापासून तासाभराच्या अंतरावर, माणसांनी प्राण वेचले अशा जागा आहेत. प्रवासी तेथे पोचतात, घटकाभर थांबतात, छायाचित्र घेतात आणि परततात. असे पाहणे म्हणजे दारापर्यंत जाऊन घरात न शिरण्यासारखेच होय. पुण्याहून निघून कोल्हापूरच्या सह्याद्रीपर्यंत जाणारा पाच दिवसांचा प्रवास थोड्या विचाराने आखला, तर त्यात विश्रांतीही लाभेल आणि इतिहासाचे दारही उघडेल.

प्रवासाचा आरंभ पुण्यातील लष्कर भागात, दक्षिण कमानीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकापासून करावा. लोकवर्गणीतून उभे राहिलेले हे स्मारक १९९८ साली खुले झाले. मुले साहजिकच रणगाड्याकडे आणि विमानाकडे धाव घेतात. त्यांना तसे धावू द्यावे. पण निघण्यापूर्वी घटकाभर शांतपणे उभे राहून या वास्तूचे प्रयोजन काय, हे त्यांना सांगावे. पुढच्या चार दिवसांत जे पाहावयाचे आहे, त्याची ही प्रस्तावना आहे.

पहिल्या दिवशी सायंकाळपर्यंत महाबळेश्वर गाठावे. हे अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे. दुसरा दिवस संपूर्ण प्रतापगडासाठी राखून ठेवावा. १० नोव्हेंबर १६५९ रोजी या गडाच्या पायथ्याशी छत्रपती शिवाजी महाराज आणि विजापूरचा सरदार अफजलखान यांची भेट झाली. भेटीची कथा प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. भेटीनंतरची लढाई मात्र फार थोड्यांना माहीत असते. ती समजून घेण्यासाठी बुरुजावरून पार गावाच्या आणि कोयनेच्या खोऱ्याच्या बाजूस पाहावे. खानाजवळ मोठे घोडदळ, हत्ती आणि तोफखाना होता. मोकळ्या मैदानात या सैन्यापुढे निभाव लागणे कठीण होते. महाराजांनी त्याला जावळीच्या अरण्यात येण्यास भाग पाडले. येथे घोड्याला दौड करण्यास जागा नव्हती आणि तोफ हलविण्यास रस्ता नव्हता. गडावरून तोफेचा इशारा होताच झाडीत दबा धरून बसलेले मावळे खानाच्या छावणीवर तुटून पडले. या लढाईचा अर्धा निकाल भूगोलाने दिला होता, हे बुरुजावर उभे राहिल्यावर जसे उमगते, तसे पुस्तकातून उमगत नाही. युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत प्रतापगड व पन्हाळा हे दोन्ही आहेत. त्या नावातील ‘भूप्रदेश’ या शब्दाचा अर्थही येथेच कळतो.

गडाच्या पायथ्याशी अफजलखानाचे थडगे आहे. शत्रू पडला, की त्याच्याशी असलेले वैरही संपते, ही गोष्ट मुलांना सांगण्याची हीच वेळ आणि हीच जागा होय.

तिसऱ्या दिवशी घाट उतरून साताऱ्याकडे यावे. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ तत्कालीन ब्रिटिश सरकारने गावात स्मारक उभारले. त्यानंतरच्या काळातही या गावातील घराघरांतून तरुण सैन्यात जात राहिले. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी दूर मेसोपोटेमियात लढल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत-अल-अमारा येथे दीर्घ वेढ्यानंतर ज्या सैन्याला शरणागती पत्करावी लागली, त्यातही त्या होत्या. परदेशात पडलेल्या अशा सैनिकांच्या आईला किंवा पत्नीला ती रणभूमी पाहणे कधीच शक्य नव्हते. गावातील स्मारक हीच तिच्या दृष्टीने समाधी. म्हणून येथे प्रवाशाने पाहुण्याच्या मर्यादेने वागावे. हे नांदते गाव आहे. ग्रामपंचायतीत विचारून पुढे जावे, आवाज चढवू नये आणि कोणाच्या घरासमोर परवानगीवाचून छायाचित्र घेऊ नये. एखाद्या माजी सैनिकाने आपण होऊन दोन गोष्टी सांगितल्या, तर त्या मुलांनी वहीत टिपून ठेवाव्यात.

त्याच सायंकाळी कोल्हापूर गाठून चौथा दिवस पन्हाळ्यासाठी द्यावा. मार्च १६६० मध्ये सिद्दी जौहरने या गडाला वेढा घातला आणि तो सुमारे चार महिने टिकला. आषाढी पौर्णिमेच्या रात्री, १२ जुलै रोजी, भर पावसात महाराज निवडक मावळ्यांसह गडावरून निसटले. महाराजांचा वेश करून दुसऱ्या पालखीत बसलेला शिवा काशीद शत्रूच्या हाती पडला आणि मारला गेला. त्याची समाधी गडाच्या पायथ्याशी आहे. वर तटावर फिरणाऱ्या प्रवाशांपैकी अनेक जण तिकडे वळतही नाहीत. पन्हाळ्याचे दर्शन या समाधीशिवाय पुरे झाले, असे मानू नये.

पाचव्या दिवशी मलकापूरमार्गे पावनखिंडीत जावे. पूर्वीची ही घोडखिंड. १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभू देशपांडे आणि सुमारे तीनशे मावळ्यांनी येथे पाठलाग करणाऱ्या फौजेला रोखून धरले. महाराज विशाळगडावर पोचल्याची तोफ होईपर्यंत खिंड पडू द्यावयाची नाही, एवढीच त्यांना आज्ञा होती. बाजीप्रभूंचे नाव अमर झाले. त्यांच्याबरोबर लढलेल्या बहुतेकांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. त्या अरुंद वाटेत उभे राहिले, म्हणजे थोडी माणसे मोठ्या फौजेला का थोपवू शकली, हे ध्यानी येते. आणि त्यासाठी त्यांना काय द्यावे लागले, तेही.

मसाई पठारावरून पायी जाण्याची वाट दोन दिवसांची आहे. आषाढात अनेक तरुण ती चालतात. परंतु धुके, चिखल आणि ओढ्यांचे पूर यांमुळे अनुभवी सोबतीखेरीज हे धाडस करू नये. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. साध्या नकाशाची एक प्रत, पाणी आणि मजबूत पादत्राणे जवळ असावीत. प्लास्टिकचा कचरा मात्र परत आणावा. तटावर आपले नाव कोरणाऱ्याने एवढे आठवावे, की ज्यांनी तो तट राखला, त्यांची नावे तेथे कोरलेली नाहीत.

सर्वच कुटुंबांना हा प्रवास झेपेल असे नाही. त्यांच्यासाठीही एक जवळची वाट आहे. महाराष्ट्रातील अनेक गावांत चावडीजवळ, शाळेच्या भिंतीत किंवा देवळाच्या आवारात एखादी शिळा असते. गावातून किती माणसे युद्धावर गेली आणि त्यांतील किती परतली नाहीत, हे तिच्यावर कोरलेले असते. कोठे तिच्यावर चुन्याचे थर चढले आहेत, कोठे ती गवतात दडली आहे. येत्या सुटीत एका सकाळी मुलांना बरोबर घेऊन ती शिळा स्वच्छ धुवावी, अक्षरे वाचावीत आणि गावातील वृद्धांना त्या माणसांची नावे विचारावीत. आज ती सांगू शकणारे थोडे लोक उरले आहेत. आणखी काही वर्षांनी तेही असणार नाहीत.