भूकंपापूर्वी पाणी काही सांगते काय?



१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी जपानमधील कोबे शहर हादरले. ६,४०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

या शहरामागे रोक्को पर्वत आहे. तेथील विहिरींचे पाणी बाटल्यांत भरून विकले जाई आणि प्रत्येक बाटलीवर भरल्याची तारीख असे. भूकंपानंतर त्सुनोगाई व वाकिता या शास्त्रज्ञांनी अशा जुन्या बाटल्या मिळवून त्यांतील पाणी तपासले. ऑगस्ट १९९४ पासून, म्हणजे सुमारे पाच महिने आधीपासून, पाण्यातील क्लोराइड व सल्फेट वाढत गेल्याचे त्यांना आढळले.

हे का व्हावे? भूगर्भातील खडकांवर ताण वाढला की त्यांत सूक्ष्म भेगा पडतात. एका थरातील पाणी दुसऱ्या थरात शिरते. भेगांमुळे उघड्या पडलेल्या खडकातील क्षारही पाण्यात उतरतात. आइसलँडमध्ये २००८ पासून एका कूपनलिकेचे पाणी नियमित तपासले जात होते. तेथेही २०१२ व २०१३ च्या भूकंपांपूर्वी चार ते सहा महिने सोडियमसारख्या घटकांत फरक दिसला.

मग भूकंपाचे भाकीत करता येते, असे म्हणावे काय? नाही. कोबेचे पाणी तपासले ते भूकंप होऊन गेल्यावर. पाऊस आणि पाण्याचा उपसा यांनीही पाणी बदलते. शिवाय दिवस, ठिकाण आणि तीव्रता पाणी सांगत नाही. चीनमध्ये ४ फेब्रुवारी १९७५ च्या हायचेंग भूकंपापूर्वी लोकांना घराबाहेर काढले गेले. त्यात विहिरींतील बदलांची नोंद होती, पण मुख्य आधार आधी बसलेल्या लहान धक्क्यांचा होता. पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ रोजी, तांगशान शहर अशा सूचनेवाचून उद्ध्वस्त झाले आणि लाखो माणसे दगावली. एका यशावरून नियम सिद्ध होत नाही.

म्हणून विहिरीचे पाणी गढूळ झाले की भूकंप येणार, अशी अफवा कोणी उठवली तर तिला बळी पडू नका. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात हजारो जीव गेले, ते मुख्यतः दगड-मातीच्या जड भिंती व माळवदे अंगावर कोसळल्याने. घर मजबूत बांधणे आपल्या हाती आहे आणि त्यासाठी भाकिताची वाट पाहावी लागत नाही.

विद्यार्थी मित्रहो, कोबेच्या शोधाचे खरे साधन होते बाटलीवरची तारीख. आपल्या शाळेतील विज्ञान मंडळाने गावातील एका विहिरीची पातळी, तापमान व पाऊस दर आठवड्याला तारखेसह वहीत लिहावा. त्यातून भूकंप कळणार नाही, परंतु निरीक्षणाची शिस्त अंगी बाणेल. विज्ञानाची सुरुवात तेथूनच होते.