कचऱ्याचे डोंगर का ढासळतात?

कचऱ्याचा डोंगर ढासळला की दोष पावसाच्या माथी मारला जातो. वास्तविक पाऊस हे बहुधा शेवटचे निमित्त असते आणि उताराचे बळ त्याआधीच आतून खचलेले असते. हे बळ मोजण्यासाठी अभियंते कचरा ज्या प्रतलावरून निसटू शकेल ते घसरणपृष्ठ गृहीत धरतात आणि त्यावरील रोधक बलाला खाली खेचणाऱ्या बलाने भागतात. या भागाकाराला सुरक्षा गुणांक म्हणतात. तो एकाखाली गेला की उतार टिकत नाही, म्हणून कायमस्वरूपी उतारांसाठी तो साधारणपणे १.५ ठेवला जातो.

कचऱ्यातील चिंध्या आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या भिंतीच्या मातीत कालवलेल्या भुशाप्रमाणे ढीग बांधून धरतात, त्यामुळे जवळजवळ उभे कडेही काही काळ तग धरतात आणि निर्धास्तपणा वाढतो. मात्र खालच्या थरांतील पोकळ्या पाण्याने भरल्या की ते पाणी वरच्या भाराचा काही भाग स्वतःवर घेते. या रंध्रदाबामुळे घर्षण घटते, तर भिजलेल्या कचऱ्याचे वजन वाढतच जाते.

इंडोनेशियात बांडुंगजवळच्या लेउविगाजा येथे २१ फेब्रुवारी २००५ रोजी सुमारे २७ लाख घनमीटर कचरा घसरून १४० हून अधिक माणसे दगावली. आधीचे तीन दिवस जोरदार पाऊस झाला होता. परंतु तपासात पायाच्या मऊ मातीतील पाण्याच्या दाबाबरोबरच, ढिगाच्या पोटात धुमसणाऱ्या आगीने प्लॅस्टिकची बांधणी जाळून टाकल्याचे कारणही पुढे आले. कोलंबियात बोगोटाच्या दोन्या ह्वाना कचराभूमीवर १९९७ मध्ये पाणी माणसानेच घातले होते: कचऱ्यातून झिरपलेले दूषित द्रव, म्हणजे लिचेट, पुन्हा ढिगात सोडल्याने रंध्रदाब वाढला आणि उतार सुटला. अमेरिकेत सिनसिनाटीजवळच्या रम्पकी कचराभूमीवर १९९६ मध्ये विस्तारासाठी पायथा खणला गेला आणि तळाच्या दुबळ्या मातीवरून कचरा सरकला.

त्यामुळे केवळ उंची आणि उताराचा कोन पाहून केलेले विश्लेषण अपुरे ठरते. पायाच्या मातीची ताकद, दाबमापक नळ्यांतील पाण्याची पातळी, आगीची ठिकाणे आणि पायथ्याचे खोदकाम यांची नोंद ठेवून, भर पडेल तसतसा सुरक्षा गुणांक नव्याने काढावा लागतो. कारण कचऱ्याचा डोंगर रोज वाढत असतो आणि आराखड्याच्या दिवशी काढलेला गुणांक त्या दिवसापुरताच खरा असतो.