हुकूम, जुलूम आणि कुलूप

ऑक्सफर्डच्या टोल्किन नावाच्या प्राध्यापकांनी काही भाषा स्वतः रचल्या. त्यांची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९५४-५५ साली आली. तिच्यातले यक्ष-किन्नरांसारखे लोक या भाषा बोलतात. टोल्किन यांनी नुसते शब्द बनवले नाहीत. आधी एक जुनी मूळ भाषा कल्पिली आणि उच्चार बदलण्याचे नियम लावून तिच्या दोन लेकी घडवल्या. म्हणून हंसाला एकीत ‘अल्क्वा’ म्हणतात, दुसरीत ‘आल्फ’. दुसरीत आधी ‘क्व’चा ‘प’ झाला, मग ‘ल’पुढच्या ‘प’चा ‘फ’. हा क्रम उलटा लावला असता, तर हंस ‘आल्प’वरच थांबला असता.

आता कुणा तरुणाला अशी भाषा रचावीशी वाटली, तर मी सांगेन, बाबा रे, आधी लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या बाजारात तासभर कान उघडे ठेवून हिंड. १९४८ पर्यंत आमच्याकडे निजामाचे राज्य होते, कचेरीची भाषा उर्दू. नियम तिथे आयते मिळतील.

अरबी-फार्सीत ‘हुक्म’, ‘जुल्म’, ‘मुल्क’ असे शब्द आहेत. शेवटचे जोडाक्षर मराठी जिभेला जड गेले. तिने मध्ये एक स्वर घातला. कोणता? आधी ‘उ’ होता, म्हणून ‘ऊ’: हुकूम, जुलूम, मुलूख. ‘फिक्र’मध्ये ‘इ’, म्हणून फिकीर. ‘शर्म’, ‘गर्म’, ‘जख्म’ यांत ‘अ’, म्हणून शरम, गरम, जखम. नवा स्वर आधीच्या स्वराचे बोट धरून आला. कुणा व्याकरणकाराने हे ठरवलेले नाही.

अपवादही आहेत. ‘अक्ल’, ‘नक्ल’, ‘शक्ल’ यांत मराठीने व्यंजनच दुप्पट केले: अक्कल, नक्कल, शक्कल. ‘उम्र’चे उमूर न होता उमर झाले. भाषा रचणाऱ्याने असे चार हट्टी शब्द जरूर ठेवावेत. सगळेच कवायतीसारखे वळले, तर ती भाषा कुणी बोललेली वाटत नाही.

माझा लाडका शब्द कुलूप. अरबीत तो ‘कुफ्ल’. स्वर शिरला, ‘फ’ आणि ‘ल’ यांनी जागा बदलल्या, शेवटच्या ‘फ’चा ‘प’ झाला. मूळ शब्द बोलणाऱ्याला ‘कुलूप’ ऐकवा, त्याला ओळख पटणार नाही.

माझ्या घरात दखनी, कागदावर मराठी. घशातून येणारा अरबी ‘क’ मराठीने साधा करून ‘कलम’ म्हटले, दखनीने त्याचा ‘ख’ करून ‘खलम’. अल्क्वा आणि आल्फ यांच्यासारख्याच या बहिणी, फक्त या एका ओट्यावर बसतात.

शिवकाळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोशात दरबारी फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. माधव जूलियन यांनी १९२५ साली फार्सी-मराठी कोश केला आणि नंतर तेही शुद्धीच्या बाजूला गेले. कारभाराला नवे शब्द लागतात, हे मला मान्य आहे. ‘दिनांक’ मीही लिहितो. पण जो शब्द मराठी जिभेने मोडून पुन्हा घडवला, त्याला परका ठरवून बाहेर काढायचे, हे मला पटत नाही.

कवितावाचनानंतर कुणी ना कुणी जवळ येऊन कौतुकाने म्हणतो, ‘‘तुमचं मराठी अगदी साफ आहे हो!’’ मी आभार मानतो. ‘साफ’ कुठून आला, ते सांगत बसत नाही.