देवघरातील शंखाचे बालपण

(सीपरी बाजार, झाशी येथे मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवात समुद्रातील गोगलगाईंविषयी व्याख्यान ठेवावे, हे सीपरी बाजारात काहींना चमत्कारिक वाटेल. समुद्र येथून शेकडो कोस दूर; आपल्या वाट्याला बेतवा. तथापि झाशीच्या नेवाळकरांचे मूळ घराणे रत्नागिरीकडचे, आणि आपल्या देवघरांतून शंख तर असतोच. तो शंख म्हणजे एका मोठ्या सागरी गोगलगाईचे घर होय.

तो एकदा नीट न्याहाळावा. फुंकण्याचा नव्हे, त्याचे टोक कापलेले असते. पूजेच्या शंखाच्या टोकावर बोंडासारखी गाठ दिसते. तेच त्या प्राण्याचे बालपण. बाकीचे वेढे मागाहून चढले. हा शंख मन्नारच्या आखातात व पाल्कच्या सामुद्रधुनीत सापडतो. त्याची मादी मेंढ्याच्या शिंगासारखी वळणदार कोषमालिका वाळूत रोवते. पिल्ले आतच वाढतात आणि इवला शंख पाठीवर घेऊन बाहेर पडतात. जेम्स हॉर्नेल यांनी १९१४ साली या एका शंखावर ग्रंथ लिहिला, यावरून त्याचे महत्त्व ध्यानी यावे.

कोकणातील खडकांवर राहणाऱ्या नेरिटा जातीच्या गोगलगाईंना एवढे सुरक्षित माहेर लाभत नाही. त्यांचे कोष तिळासारखे, पांढरे, खडकाला चिकटलेले. त्यांतून निघणारे पिल्लू मिलिमीटरहूनही लहान. त्याला केसाळ कडांचे दोन पडदे असतात. त्यांच्या बळावर ते पोहते व अन्न ओढून घेते. शास्त्रज्ञ त्याला ‘व्हेलिजर’, म्हणजे शीडधारी, म्हणतात.

या शीडधाऱ्याच्या वाटेत विघ्ने फार. ओहोटीला खडक तापतो. उष्णतेने कोषातील गर्भाची वाढ झपाट्याने होते खरी, परंतु त्याला प्राणवायूही अधिक लागतो, आणि कोषाच्या भिंतीतून तो पुरेसा आत येत नाही. पावसाळ्यात खाड्यांचे गोडे पाणी किनाऱ्यावर पसरते. मोठी गोगलगाय झाकण लावून स्वस्थ बसते. पिल्लू कवचात शिरले की बुडू लागते, आणि तेवढा वेळ उपाशी राहते. पावसाळा सरता सरता पश्चिम किनाऱ्यावर खालचे थंड, प्राणवायूने दरिद्री पाणी वर येते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्याचा दीर्घ अभ्यास केला आहे. हे पाणी अधिक आम्लही असते.

ही विघ्ने पुरातन आहेत. नवीन भर आपली आहे. माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषतो. औद्योगिक क्रांतीपासून त्याच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला. आकडा क्षुल्लक भासतो. परंतु ही मोजपट्टी अशी आहे की एवढ्याने आम्लता पाव हिश्शाहून अधिक वाढते. पिल्लाचे कवच ॲरागोनाइट या सहज विरघळणाऱ्या चुन्याचे. ते बांधण्यातच शक्ती खर्च झाली तर वाढीला काय उरणार?

शिवाय जे वाचते ते निभावले, असेही नाही. अमेरिकेत जॅन पेचेनिक यांनी क्रेपिड्युला या गोगलगाईच्या पिल्लांना काही दिवस उपाशी ठेवले. पुढे त्यांचे रूपांतर यथास्थित झाले, पण नंतरची वाढ मंदावली. बालपणातली उपासमार प्रौढपणी वसूल होते, हे आपल्याकडच्या आजीबाईंना प्रयोगावाचून ठाऊक होते!

म्हणून किनाऱ्यावर मोठे शंख-शिंपले विपुल दिसले तरी आम्हांस त्यात समाधान वाटत नाही. ते काही वर्षांपूर्वीच्या बऱ्या हंगामाचे साक्षीदार. यंदा किती पिल्ले खडकावर स्थिरावली, ते मोजल्याखेरीज किनाऱ्याची प्रकृती कळत नाही, आणि मोठे शंख दिसेनासे होईतो उशीर झालेला असतो.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे सुटीत कोकणात जातात. मुले ओहोटीच्या डबक्यांतील दगड उलटून पाहतात, अवश्य पाहावेत. मात्र दगड होता त्याच बाजूने परत ठेवण्यास त्यांना सांगावे. त्याच्या तळाशी अंड्यांचे कोष असतात, आणि दगड उन्हात उलटा राहिला तर पुढच्या भरतीच्या आतच ते वाळून जातात.