अडत्याचा सौदा, मालकाचं बंधन

गोंदियाच्या बाजारात धानाची पोती उतरली की मालाचं पुढचं बोलणं बहुतेक वेळा अडत्याच करतो. भारतीय करार कायदा, 1872 अशा माणसाला अभिकर्ता म्हणतो.

समजा, आमगावच्या शेतकऱ्यानं अडत्याला बजावलं, 'या भावाखाली धान द्यायचं नाही.' अडत्यानं तरीही खाली दिलं आणि गिरणीवाल्याला त्या ताकिदीचा पत्ताच नव्हता. सौदा पक्का! कलम 237 प्रमाणे, अडत्याला पूर्ण अधिकार आहे असं मालकाच्याच वागण्यातून भासलं असेल, तर मालकाला हात झटकता येत नाहीत. शेतकऱ्याला हे कडू लागेल, पण मला ते रास्त वाटतं. नुकसान वसूल करायचं ते अडत्याकडून. सूचना मोडल्याबद्दल कलम 211 ती वाट देतं. आणि हिशेब मागायला लाजायचं कशाला? कलम 213 नं तो हक्कच दिलाय.

आता अडत्या बदलायचा असेल तर? कायद्याच्या कलम 208 मध्येच एक झकास उदाहरण आहे. मालक मद्रासला, कापूस मुंबईच्या गोदामात. विक्रीचा अधिकार देणारं पहिलं पत्र गिऱ्हाइकाला ठाऊक. तो काढून घेणारं दुसरं ठाऊक नाही. दुसरं पत्र हाती पडूनही दलालानं सौदा केला, पैसे घेतले आणि पसार झाला. गिऱ्हाइकाचं देणं फिटलं, बुडाला मालक!

म्हणून अडत्या बदललात की नुसतं त्यालाच नव्हे, नेहमीच्या गिरणीवाल्यांनाही लेखी कळवा आणि पोच घ्या.